चार खळग्यांची मॅट

सोमवार, ४

आजपासून सायकल सुरू. गुडघ्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काल कोनमापक लावला आणि म्हणाल्या, "शहाण्णव अंश. काका, तीस तारखेपर्यंत एकशे पंधरा हवेत. नाहीतर डॉक्टर भूल देऊन गुडघा जोराने वाकवतात. ते काही तुम्हाला आवडायचं नाही." आयुष्यभर वजनमाप खात्यात दुकानदारांचे तराजू तपासले, आता माझं माप काढणारं कोणीतरी भेटलं.

भाच्याने त्याचा जुना स्टँड दिला आहे. माझ्या सायकलचं मागचं चाक त्यावर चढवायचं, की ते एका रुळावर जागच्या जागी फिरतं. रोज सकाळी आठ ते आठ चाळीस आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच, मागच्या खोलीत, दार लावून. दार लावण्याचं कारण हाफ पँट. हिने मोजे घालून दिले. ज्याच्या नुसत्या पायरवाने बाजारातली वजनं सरळ व्हायची, त्याला बायकोने मोजे घालावेत! मान वर करून तिच्याकडे पाहवलं नाही. ती मात्र लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाली, "पाय द्या इकडे, शाळेला उशीर होतोय."

चाकाचा आवाज थोडा घरघरता आहे. पण आपल्याच घरात, दिवसाउजेडी चाळीस मिनिटं. कोणाला काय त्रास होणार?

बुधवार, ६

९८ अंश. दातओठ खाऊन चाळीस मिनिटं पूर्ण केली. घाम एवढा आला की फरशीवर थारोळं झालं आणि उतरताना मी त्यातच घसरलो. पडलो नाही, पण हिला हाक मारावी लागली.

नंतर कठडा धरून खाली पेपर आणायला गेलो. जिन्यात तीन मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. मला पाहून एक म्हणाली, "मिनिटकाका आले," आणि तिघी दोरी गुंडाळून निघून गेल्या. गुडघा पाहून जिना मोकळा करून दिला, समंजस आहेत. हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. वेळेचा पक्का आहे म्हणून पडलं असावं.

दुसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर खाली, एक सिस्टर भाड्याने राहतात. रुग्णालयात रात्रपाळी करतात, पावणेआठला परत येतात. आज आठ वाजून गेल्यावरही त्या समोरच्या बागेत बाकावर बसलेल्या दिसल्या. मान छातीवर आली होती. रात्रभर औषधांच्या वासात काढल्यावर मोकळी हवा हवीच माणसाला. चांगली सवय आहे.

रविवार, १०

१०१ अंश. शंभरी ओलांडली.

पण आनंद टिकला नाही. ही सिस्टरांचा डबा परत करायला खाली गेली होती, नेमकी मी सायकलवर असताना. वर आली ती हाताची घडी घालूनच.

"अहो, त्यांच्या कपाटातल्या बरण्या नाचतायत. भिंतीला हात लावला तर हाताला मुंग्या येतात."

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

"तुम्हाला?" एवढंच म्हणून ती भांडी लावायला गेली.

मी तसाच खाली गेलो. सिस्टरांनी दार अर्धंच उघडलं. डोळे लाल होते, केस विस्कटलेले. "नाही नाही काका, अजिबात आवाज येत नाही. तुम्ही करा व्यायाम, खुशाल करा." तीनदा म्हणाल्या. परत येताना जिन्यात मला फार लाज वाटत होती. हाफ पँटवरच गेलो होतो, त्यामुळे असेल.

तरी सायकलखाली काहीतरी टाकायला हवं. घामाचाही प्रश्न सुटेल.

मंगळवार, १२

व्यायामाच्या सामानाच्या दुकानात गेलो. सायकलखाली टाकायची खास मॅट मिळते. काळी, जाडसर, पुढच्या चाकापासून मागच्या स्टँडपर्यंत पुरेल एवढी लांब. किंमत ऐकून मी खुर्चीच मागितली. म्हटलं, "एवढ्यात तर सायकल येईल."

दुकानदार म्हणाला, "सायकल आहे ना तुमच्याकडे? मग मॅटच न्या."

मी खिशातली टेप काढून जाडी मोजली. लेबलवर सहा लिहिलं होतं, भरली साडेपाच मिलिमीटर. तसं सांगितलं. तो म्हणाला, "तेवढ्यासाठी भाव कमी होणार नाही." रांगेतली दोन माणसं हसली. निवृत्त झाल्यापासून माझ्या टेपला कोणी घाबरत नाही. मीही हसण्यावारी नेलं, पण कान गरम झाले होते.

येताना लहान मुलांच्या खोलीत टाकतात ते फोमचे रंगीत चौकोन घेतले. एकमेकांत अडकवायचे. किंमत पाचव्या हिश्शाइतकी. अक्कल असली की पैसे वाचतात.

गुरुवार, १४

अक्कल नव्हती. फोम मऊ. स्टँडचे पाय त्यात रुतले, पण सारखे नाही. सातव्या मिनिटाला सायकल डावीकडे कलली आणि मी कपाटाच्या कडीला लोंबकळलो. ही धावत आली. एक हात कडीला, एक पाय पेडलवर, खाली पिवळे-गुलाबी चौकोन. तिने मला सोडवलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसली. मला ऐकू येत होतं.

आवाजात काही फरक नाही. सिस्टर आजही बागेत होत्या, पाऊस भुरभुरत असूनही. छत्री होती.

शनिवार, १६

परवा दुपारी जुन्या बाजारातून गालिच्याचा तुकडा आणला. एकाच संध्याकाळचा घाम पिऊन ओल्या कुत्र्यासारखा वास मारायला लागला. गच्चीवर टाकून आलो. फोम आणि गालिचा मिळून खर्च मूळ मॅटच्या निम्म्यावर गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं ही म्हणाली. 

काल-आज सायकल बंद. गुडघा ९९. दोन अंश मागे. संध्याकाळी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं. सिस्टरांच्या दाराशी चपला नव्हत्या; संध्याकाळीही त्या बाहेरच.

रविवार, १७

आज ही म्हणाली, "माझ्या ओळखीत एकीकडे जाड रबराची मॅट पडून आहे. चांगली, वजनदार. विचारू?"

"किती घेईल? थोडी घासाघीस कर."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बघते," म्हणाली.

सोमवार, १८

मॅट आली. फुकट! ज्या बाई आहेत त्या म्हणाल्या म्हणे, "पैसे कशाला, वापरात येऊ दे." जगात अजून चांगली माणसं आहेत.

काळी, चांगली बोटभर जाड, एकट्याला उचलणं कठीण. मागचा स्टँड नेमका मावतो. पुढच्या चाकाखाली उरलेला फोमचा चौकोन टाकला, तोही कारणी लागला. सायकल हलली नाही. घाम पुसला की झालं. चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. एक गोष्ट खटकली. मॅटवर चार खळगे आहेत, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असावेत तसे. सायकलच्या स्टँडचे पाय असे नसतात. खुर्चीचे असतील.

"कोण गं या बाई?" विचारलं.

"आधी वापरून तर बघा," ही म्हणाली.

मंगळवार, १९

१०४ अंश. सकाळी सव्वाआठला खिडकीतून बाग पाहिली. बाक रिकामा. खाली सिस्टरांचे पडदे ओढलेले. माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं.

दुपारी वेळ होता म्हणून टेप घेऊन खळगे मोजले. सवयच. रुंदी खुर्चीपेक्षा जास्त, टेबलापेक्षा कमी. पुढच्या दोन खळग्यांच्या मधे रबर घासून गुळगुळीत झालं आहे. तिथे कोणाचा तरी पाय रोज मागे-पुढे होत होता. एका खळग्यात निळ्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला होता.

मी तो ओढून काढला. मग स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

"शिलाई मशीनखालची आहे का गं ही मॅट?"

ही कणीक मळत होती. मळतच राहिली. "हो."

"चौथ्या मजल्यावरच्या टेलरबाई?"

"दुसरी कोण? तीन वर्षांत तुम्ही एकदा तरी विचारलंत का, ती कुठे गेली म्हणून?"

संध्याकाळी सायकलवर बसलो नाही.

बुधवार, २०

तीन वर्षांपूर्वीची दैनंदिनी कपाटातून काढली. मी नुकताच निवृत्त झालो होतो तेव्हा. जे सापडलं ते इथे उतरवतो, म्हणजे पुन्हा ती वही बंद करून ठेवता येणार नाही.

"सोमवार, ९. चौथा मजला, शिलाई मशीन. १०.१० ते १०.५२. ११.२० ते ११.४५. दुपारी ३.०५ ते ३.४०."

असे चार-पाच दिवस. मग:

"शुक्रवार, १३. टेलरबाई आल्या होत्या. म्हणाल्या, मशीनखाली रबराची मॅट टाकते, पंधरा दिवस द्या. नियम म्हणजे नियम, असं सांगितलं."

"बुधवार, १८. आज आवाज नीट येत नाही. खिडकीतून वारा आहे. बाईंकडे दोन गिऱ्हाइकं जाताना दिसली, म्हणजे मशीन चालू असणारच. १०.१५ ते १०.५०, अंदाजाने."

"शुक्रवार, २०. वारा. १०.१० ते ११.००, अंदाजाने."

अठ्ठावीस तारखेपर्यंत रोज वारा. मोजले, अकरा दिवस. मी वही लिहीत असे त्या खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीला लागून आहे. तिच्यातून पडदासुद्धा हलत नाही.

"रविवार, २९. कमिटीची मीटिंग. माझी वही सगळ्यांनी पाहिली, नोंदी फार आवडल्या. मशीन बंद करण्याचा निर्णय एकमताने. टेलरबाई काहीतरी म्हणत होत्या. घरी येऊन छान झोप लागली."

वहीची नीट प्रत करताना 'अंदाजाने' हा शब्द मी गाळला होता. ती प्रतही फाइलमध्ये आहे. अंदाजाने वजन लिहिणाऱ्या दुकानदाराचा तराजू मी जप्त करत असे. चार माणसांसमोर त्याला उभं करत असे. आज माझ्यासमोर कोणी नव्हतं, तरी मला तोंड लपवावंसं वाटलं.

गुरुवार, २१

सायकल नाही. त्या मॅटवर पाय ठेववत नाही. ही म्हणाली, "गुडघा आखडला म्हणून तिचं काय भलं होणार आहे?"  १०२ अंश.

शनिवार, २३

एक आशा होती, ती लिहून ठेवतो. म्हटलं, मॅट टाकूनही थोडा आवाज खाली जातच असेल. तसं असेल तर त्या अकरा दिवसांतही थोडा येत असणार, मला ऐकू आला असणार, फक्त मी लिहिताना कमी-जास्त केलं असणार. म्हणजे खोटा नाही, नुसता ढिला. एवढं जरी निघालं तरी पुरे होतं.

सिस्टरांना आज सुट्टी. आधी विचारून, फुल पँट घालून सकाळी आठला त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "वर बायको सायकल चालवणार आहे. मला इथे बसून ऐकायचं आहे."

त्या घाबरल्या. "काका, मी काही तक्रार केलेली नाही हो."

"का नाही केली?"

त्यांनी खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या, "घरमालकांनी खोली देतानाच सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्याशी वाद घालू नका, ते मिनिटं लिहितात. वरच्या टेलरबाईंना त्यांनी मिनिटांवरून घालवलं."

तेव्हा मिनिटकाका म्हणजे काय ते कळलं. पोरींनी उड्या का थांबवल्या तेही कळलं. मी खुर्चीत खाली पाहत बसलो, फरशीवरच्या एका डागाकडे.

वर हिने पेडल मारायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर बसली आहे, आणि खुशीत होती, त्यामुळे कमी जोर लावला असेल असं म्हणायला जागा नाही. मी घड्याळ हातात धरून कान लावला. फ्रिजचा आवाज आला. नळ ठिबकत होता. खाली कोणीतरी गाडी सुरू केली. वरून काही नाही. मी उठून भिंतीला कान लावला. पुन्हा खुर्चीत बसलो. काहीतरी ऐकू यावं म्हणून टाकला, तेवढा जीव मी कशासाठीच टाकला नव्हता. बरण्या जागच्या जागी उभ्या होत्या.

आठ ते आठ वीस. आवाज शून्य.

मान वळवली तर सिस्टर पलंगाच्या कडेवर बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं. मी उठलो, गुडघा कडकन वाजला, पण त्या जाग्या झाल्या नाहीत. दार हळूच ओढून घेतलं. वीस मिनिटं पूर्ण झाल्याचं वर जाऊन सांगेपर्यंत ही चालवतच होती. माझा चेहरा पाहून उतरली आणि टॉवेल माझ्याच हातात दिला.

रविवार, २४

अर्ज लिहिला. या हाताने किती अर्ज लिहिले, पण आज सात वेळा फाडला. पहिल्या खेपेला "नजरचुकीने" असा शब्द आला. तो खोटा. दुसऱ्या खेपेला "वाऱ्यामुळे". शेवटी साडेचार ओळी राहिल्या. हिला वाचायला दिला. ती म्हणाली, "मला कशाला? तिला दाखवा."

पत्ता विचारला. तिला पाठ होता.

सकाळ-संध्याकाळ चालवली. १०६ अंश.

मंगळवार, २६

११० अंश, सकाळी. मग गेलो.

मोठ्या रस्त्याच्या मागे कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान आहे. त्याच्या आत लाकडी जिना, चौदा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. वर माळा. उभं राहिलं तर डोकं छताला लागतं. टेलरबाई तिथे बसून पँटा आखूड करतात. एका बाजूला पँटांचा ढीग, दुसऱ्या बाजूला त्याहून मोठा. घरी पूर्वी त्या लग्नाचे पोशाख शिवत, हे मला हिने वाटेवर सांगितलं होतं. ही खालीच थांबली, मुद्दाम.

बाईंनी वर पाहिलं, मला ओळखलं, आणि पाय पुन्हा मशीनवर ठेवला.

"या साहेब. मॅट पुरते का?"

"पुरते." पुढे काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण त्यातलं काही तोंडातून निघेना. कागद पुढे केला.

"हात रिकामा नाही माझा. वाचून दाखवा."

मी वाचायला लागलो. मशीन चालूच होतं. त्याच्या खाली आता काही नाही, नुसत्या फळ्या, त्यामुळे सगळा माळा घरघरत होता. बाई म्हणाल्या, "ऐकू येत नाही." मी आवाज वाढवला. पुन्हा म्हणाल्या, "नाही येत." मग मी ओरडूनच वाचलं. तीन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरील शिलाई मशीनविरुद्ध मी सादर केलेल्या नोंदींपैकी अकरा दिवसांच्या नोंदी खोट्या होत्या. त्या दिवसांत मला आवाज ऐकू आला नव्हता. ही बाब मी मीटिंगमध्ये लपवली. त्यामुळे एका निर्दोष बाईंचं काम गेलं. खाली माझी सही.

खाली इस्त्रीचे आवाज थांबले होते. जिन्याच्या तोंडाशी दोन माणसं मान वर करून उभी होती. पैकी एकाच्या हातात शर्ट होता. शर्टवाला माणूस माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता, जशा नजरेने मी दुकानदारांकडे पाहायचो.

बाईंनी शिवण पूर्ण केली, दोरा तोडला.

"मीटिंगमध्ये मी हेच म्हणत होते, साहेब. मी वर मशीन चालवते, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर पाच मिनिटं बसा, ऐका. मॅट टाकलीय. कोणी आलं नाही. तुमच्या वहीत मिनिटं होती. माझ्याकडे नुसती मॅट होती."

"मग ती मला का दिलीत?"

"वहिनींनी मागितली. त्या दर महिन्याला येतात. तुम्ही नाही मागितलीत."

मी उभा होतो. मान वाकवूनच उभं राहावं लागत होतं.

"हा कागद सोसायटीच्या फळ्यावर लावणार?"

"उद्या सकाळी."

"मी कुठे गेले, काय करते, ते त्यात लिहू नका. तेवढी चौकशी लोकांना नकोय, मलाही नकोय."

"नाही लिहिणार."

त्यांनी दुसरी पँट घेतली. घेताना कोपर लागलं आणि दोऱ्याची बॉबिन टुणकन खाली पडून खुर्चीखाली गेली. बाईंनी पाहिलं. उठल्या नाहीत.

"गुडघा किती वाकतो आता?"

"एकशे दहा."

"मग वाका जरा. तिकडे मागे गेलीय, भिंतीकडे."

मी कठड्याला धरून एक पाय मागे घेतला, दुसरा वाकवला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात पुरेना, म्हणून गुडघा आणखी खाली नेला. फळ्यांवर दोऱ्यांचे तुकडे, एक बटण, धूळ. बॉबिन भिंतीला टेकून पडली होती. ती उचलून, पुसून, त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती मशीनमध्ये बसवली, दोरा ओवला आणि पुढची शिवण घातली. बसा असं त्या म्हणाल्या नाहीत. मी चौदा पायऱ्या उतरलो. खाली ही उभी होती.